इंग्रजीच्या वर्गातील तंत्रज्ञान : ऐकविणारे यंत्र आणि ऐकणारा अध्यापक
(पेडणे व डिचोली तालुक्यांच्या संदर्भात एक चिकित्सा)

प्रास्ताविक

इंग्रजीच्या अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर करावा की करू नये, हा वाद आता संपलेला आहे. विद्यार्थ्याच्या खिशात फोन आहे, महाविद्यालयात प्रक्षेपक आहे आणि विचारलेल्या प्रश्नाचे तयार इंग्रजी उत्तर देणारी संगणकीय संवादयंत्रेही सर्वांना उपलब्ध आहेत. खरा प्रश्न वेगळा आहे. या साधनांमुळे विद्यार्थ्याचे इंग्रजी सुधारते की केवळ अध्यापकाचे इंग्रजी अधिक लोकांपर्यंत पोहोचते? या दोन गोष्टी एकच आहेत असे गृहीत धरून आपल्याकडे गेली दोन दशके योजना आखल्या गेल्या. प्रस्तुत लेखात या गृहीताची चिकित्सा गोव्यातील, विशेषतः पेडणे व डिचोली तालुक्यांतील परिस्थिती समोर ठेवून केली आहे.

पार्श्वभूमी : दोन तालुके आणि एक गरज

पेडणे व डिचोली हे तालुके पोर्तुगीज अमलाखाली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले व ‘नव्या काबिजादी’त गणले गेले. येथे मराठी शाळांची परंपरा जुनी व बळकट आहे. मुक्तीनंतर गोव्यात दीर्घकाळ जी व्यवस्था रुळली, तीत बहुसंख्य मुले चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी माध्यमात शिकत आणि पाचवीपासून सर्व विषय इंग्रजीतून शिकू लागत. १९९० नंतर प्राथमिक शाळांचे अनुदान प्रादेशिक भाषांशी जोडले गेले. २०११ पासून इंग्रजी प्राथमिक शाळांच्या अनुदानावरून मोठा संघर्ष झाला. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. विर्नोडा येथील संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय महाविद्यालयात, साखळीच्या शासकीय महाविद्यालयात किंवा डिचोलीच्या झांट्ये वाणिज्य महाविद्यालयात प्रवेश घेणारा या व्यवस्थेतील विद्यार्थी इंग्रजीतून आठ वर्षे परीक्षा देऊन आलेला असतो. त्याला इंग्रजी ‘येत नाही’ असे म्हणणे बरोबर नाही. त्याने इंग्रजी वाचले आहे, पाठ केले आहे, उत्तरपत्रिकेत उतरविले आहे. फक्त ते बोलण्याची वेळ त्याच्यावर फारशी आलेली नाही.

ती वेळ आता येत आहे. डिचोली तालुक्यातील अनेक कुटुंबांचे उत्पन्न खाणींवर आणि खनिजवाहतुकीवर अवलंबून होते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने खाणकाम स्थगित केले. पुढे ते मर्यादित प्रमाणात सुरू झाले, पण सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरले आणि १६ मार्च २०१८ पासून खाणी पुन्हा बंद पडल्या. ट्रकच्या हप्त्यांवर चालणाऱ्या घरातील मुलांना दुसरीकडे पाहावे लागले. पेडणे तालुक्यात मोपा येथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले व ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. विमानतळ, हॉटेल, वाहतूक, ग्राहकसेवा या सर्व ठिकाणी प्रवाशाचा प्रश्न ऐकून त्याच क्षणी उत्तर द्यावे लागते. तेथे पाठ केलेला निबंध उपयोगी पडत नाही.

मुस्लीम समाजाच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात मुस्लीम लोकसंख्या सुमारे ८.३ टक्के होती. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात दाखवून दिले की, देशातील शाळेत जाण्याच्या वयाच्या मुस्लीम मुलांपैकी जेमतेम ३ ते ४ टक्के मुले मदरशांत शिकतात. बाकीची शाळेत जाणारी मुले इतरांच्या बरोबरीने सामान्य शाळांत बसतात. म्हणजेच सामान्य वर्गातील इंग्रजीचा दर्जा हाच समाजाच्या प्रगतीचा प्रश्न आहे; स्वतंत्र प्रकल्प काढून तो सुटणारा नाही.

साधने आली, पुढे काय?

साधनांच्या बाबतीत गोवा मागे नव्हता. १९९० च्या दशकात ‘गोवा कॉम्प्युटर्स इन स्कूल्स प्रोजेक्ट’ या स्वयंसेवी उपक्रमाने परदेशस्थ गोमंतकीयांच्या मदतीने वापरलेले संगणक शाळांपर्यंत पोहोचविले. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘सायबरएज’ योजनेने अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या घरी नाममात्र किमतीत संगणक दिला. २०१३ मध्ये पाचवी-सहावीच्या मुलांना टॅब्लेट मिळाले. २०२१ मध्ये शाळांसाठी संगणकीय आज्ञावली व यंत्रमानवशास्त्राची योजना आली.

या सर्व योजनांत समान सूत्र आहे : यंत्र हाती आले की शिक्षण घडेल. अमेरिकन अभ्यासक लॅरी क्यूबन यांनी २००१ मध्ये सिलिकॉन व्हॅलीतील शाळांचा अभ्यास करून नेमक्या याच समजुतीला आव्हान दिले होते. संगणकांची जन्मभूमी म्हणावी अशा त्या प्रदेशातही अध्यापक यंत्रे क्वचित वापरत आणि वापरली तरी आपली जुनी पद्धतच त्यांवर चढवीत, असे त्यांना आढळले. आपल्याकडेही प्रक्षेपक आल्यावर फळ्यावरील टिपणे पडद्यावर गेली. विद्यार्थी पूर्वी फळ्यावरून उतरवून घेत, आता पडद्यावरून घेतात किंवा छायाचित्र काढून ठेवतात. उतरवून घेण्यात हाताला थोडा तरी सराव होत असे. छायाचित्रात तोही उरला नाही.

ध्वनिचित्रफीत म्हणजे अध्यापन नव्हे

मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर गोव्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाने ‘दिश्टावो’ हा उपक्रम सुरू केला. गोव्यातील महाविद्यालयीन अध्यापकांनीच गोवा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला धरून पाठ ध्वनिचित्रमुद्रित केले व त्यांना जोडून टिपणे दिली. या कामाचे मोल कमी लेखता येणार नाही. जो विद्यार्थी वर्गात ‘पुन्हा सांगा’ म्हणायला कचरतो, त्याला तोच पाठ थांबवून, मागे नेऊन हवा तितक्या वेळा ऐकता येतो. तो विनामूल्य आहे आणि बाहेरच्या अपरिचित वक्त्याऐवजी गोव्यातीलच अध्यापकाच्या आवाजात आहे. इतिहास, अर्थशास्त्र किंवा वाणिज्य या विषयांना याचा उपयोग उघड आहे.

इंग्रजीचे मात्र वेगळे आहे. केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठाने ऑनलाइन अभ्यासक्रमाचे चार भाग कल्पिले आहेत : दृक्-श्राव्य पाठ, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा. ‘दिश्टावो’चा भर त्यांपैकी पहिल्या दोन भागांवर, म्हणजे चित्रफीत व टिपणे यांवर राहिला. ज्या विषयात माहिती हाच आशय आहे, त्यात या दोन भागांनी बरेच साधते. भाषा हा कौशल्याचा विषय आहे. त्यात पहिले दोन भाग अध्यापकाचे आणि उरलेले दोन विद्यार्थ्याचे असतात. विद्यार्थ्याचे भाग वगळले की पोहणे शिकविणारी उत्तम चित्रफीत तयार होते, पण पाण्यात कोणी उतरत नाही.

ही त्रुटी एका उपक्रमाची नाही. आपल्या बहुतेक ‘स्मार्ट’ वर्गांना ती लागू पडते. १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केली, तेव्हाही वाहिनी एकेरीच होती. त्या काळी तंत्राचीच मर्यादा होती. आज खिशातील फोन आवाज टिपतो, पाठवितो, परत ऐकवितो. तरीही आपण त्याचा वापर दूरदर्शनसारखाच करीत असू, तर दोष तंत्राचा म्हणता येणार नाही.

भिंतीतील संगणक : पेडण्याच्या शेजारचा दाखला

याच्या विरुद्ध टोकाला ‘यंत्र मुलांच्या हाती द्या आणि बाजूला व्हा’ असे मानणारा विचार आहे. सुगत मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात भिंतीत संगणक बसवून हा प्रयोग प्रसिद्धीस आणला. त्याच मालिकेतील एक अभ्यास पेडण्याला लागून असलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात झाला. परिमला इनामदार यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासानुसार ग्रामीण भागातील आठवीची मुले न शिकविता संगणक विषयाची शालेय परीक्षा देऊ शकली. २००७ मध्ये त्यांनी सहलेखकासह प्रसिद्ध केलेल्या पुढच्या अभ्यासाच्या शीर्षकातच गणितातील प्रगतीचा दावा आहे.

हे निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत, पण ते कशाविषयी आहेत ते नीट पाहावे. संगणक चालविता येणे हे कौशल्य संगणकाशी खेळून येते, कारण चूक केली की यंत्र लगेच दाखवून देते. गणितातही उत्तर चूक की बरोबर हे पडताळता येते. भाषेतील चूक स्वतःहून दिसत नाही. ‘ही’ ऐवजी ‘शी’ म्हटले तरी पडदा काळा होत नाही.

इंग्रजीपुरता पाहायचा तर मित्रा, टूली, इनामदार व डिक्सन यांचा २००३ चा हैदराबादमधील अभ्यास अधिक जवळचा आहे. त्यात मुलांच्या एका छोट्या गटाला बोललेले शब्द लेखी रूपात आणणारी संगणकप्रणाली देण्यात आली. मुले गटाने बसत, वाचून दाखवीत आणि यंत्राला आपले किती शब्द कळले ते पाहत. मोठ्यांच्या अल्प मदतीने त्यांचे उच्चार सुधारल्याचे नोंदविले गेले. या प्रयोगाचे यश कशात होते? माझ्या मते ते ‘शिक्षक नसण्यात’ नव्हते. यंत्राने मुलांना ऐकण्यात होते. ऐकवणारे यंत्र ऐकणारे झाले, त्यामुळे प्रत्येक प्रयत्नाला प्रतिसाद मिळू लागला. मर्यादाही तेथेच आहे. यंत्राला कळले म्हणजे उच्चार योग्य, एवढीच कसोटी उरली. शब्द का कळला नाही, जीभ कोठे लागायला हवी होती, हे यंत्र सांगत नव्हते.

शिवाय अशी साधने टिकतात का, हा प्रश्न आहेच. पायल अरोरा यांनी २०१० मध्ये उत्तराखंडातील अल्मोडा व हवालबाग येथील भिंतीतील संगणकांविषयी लिहिताना ती केंद्रे बंद पडल्याचे दाखविले. जबाबदार माणूस आणि संस्था मागे नसेल, तर यंत्र भिंतीतच राहते.

एका वर्गातील तीन मातृभाषा

डिचोली किंवा साखळीच्या वर्गात मराठी, कोकणी आणि उर्दू-दखनी बोलणारी मुले एकत्र बसतात. इंग्रजीत ती सारखीच अडखळत नाहीत. देवनागरीत ‘वेस्ट’ असे लिहिले तर पश्चिम दिशा, अंगातील बंडी आणि वाया घालविणे असे तीन निरनिराळे इंग्रजी शब्द एकाच रूपात येतात. मराठी लिपीत विचार करणाऱ्याच्या कानाला हा भेद सहजी कळत नाही. उर्दू शिकलेल्या मुलाला ‘ज’ व ‘ज़’ यांतील भेद घरचाच असतो, परंतु शब्दारंभी जोडाक्षर आले की त्याच्या तोंडी ‘स्कूल’चे ‘इस्कूल’ होण्याचा संभव असतो. उर्दूत ‘वह’ हे सर्वनाम स्त्री-पुरुष दोघांना चालते, म्हणून इंग्रजीत ‘ही’ आणि ‘शी’ यांची अदलाबदल होते. मराठी मुलाला ‘तो’ आणि ‘ती’ यांची सवय असते, पण त्याच्या भाषेत खुर्चीही ‘ती’ असते. इंग्रजीतील ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असताना पहिल्या अवयवावर आणि क्रियापद असताना दुसऱ्या अवयवावर आघात घेतो. अशा अर्थभेदक आघाताची सवय यांपैकी कोणत्याच मुलाला नसते.

मुद्रित पाठ या सर्वांना एकच स्पष्टीकरण देतो. कोणाला कोणते हवे, हे वर्गातील अध्यापकालाच कळू शकते आणि तेही त्याने प्रत्येकाला बोलताना ऐकले असेल तरच.

येथे आपल्या परंपरेतील एक अनुभव उपयोगी पडतो. मक्तबमध्ये कुरआन पठण शिकणाऱ्या मुलाला उस्ताद प्रत्येक वर्णाचे मख्रज, म्हणजे उच्चारस्थान, शिकवितात. ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. एका वर्णाच्या उच्चाराने अर्थ कोठल्या कोठे जातो, हे त्या मुलाला लहानपणीच कळते. नामवंत कारींच्या ध्वनिफिती घरोघरी आल्या, त्याने कानावर चांगला संस्कार झाला. पण सबक उस्तादांना म्हणून दाखविल्याशिवाय पुढे सरकत नाही आणि मागच्या धड्यांचा आमोख्ता केल्याशिवाय तो पक्का होत नाही. ज्या मुलाने ‘क़ाफ’ आणि ‘काफ’ वेगळे केले, त्याला इंग्रजीतील ‘व’चे दोन उच्चार वेगळे करणे अशक्य नाही. त्याला फक्त कोणी सांगितलेले नसते की हे तेच कौशल्य आहे.

‘तालीम’ या शब्दाचा उर्दूतील अर्थ शिक्षण. मराठीत त्याचा अर्थ सराव. जत्रेतील नाटकासाठी गावोगाव महिनोन्‌महिने तालमी करणाऱ्या पेडण्याच्या तरुणाला वाक्य तोंडात बसण्यासाठी काय करावे लागते हे शिकविण्याची गरज नाही. १९३७ मध्ये डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने वर्धा येथील ‘नई तालीम’ची योजना मांडली, तेव्हा तिचा गाभाही हाच होता की, हाताने केल्याशिवाय शिक्षण पुरे होत नाही. इंग्रजीच्या वर्गातील तंत्रज्ञानाला हीच कसोटी लावावी : त्यामुळे विद्यार्थ्याची तालीम वाढली का?

संवादयंत्रांचा नवा प्रश्न

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ आल्यापासून घरून लिहून आणलेल्या निबंधाचा पुरावा म्हणून उपयोग राहिलेला नाही. विद्यार्थ्याने मराठीत प्रश्न विचारावा आणि निर्दोष इंग्रजी उत्तर मिळवावे, इतके ते सोपे झाले आहे. यावर बंदी हा उपाय नाही. ती पाळली जाते की नाही हे तपासण्याची सोय आपल्याकडे नाही. त्याच वेळी हे मान्य करावे लागेल की, ज्या मुलीला घरात वा गावात इंग्रजी बोलायला कोणी नाही, तिला न हसणारा, न कंटाळणारा सोबती प्रथमच मिळाला आहे. धोका असा की, हे यंत्र चूक दुरुस्त करून वाक्य परत देते आणि विद्यार्थी दुरुस्त वाक्य आपलेच समजतो. दुरुस्ती यंत्राने केली, तर ती समजून घेण्याचे काम विद्यार्थ्याकडे राहिले पाहिजे.

काय करता येईल?

पुढील सूचना खर्चिक नाहीत; एका विषयाच्या एका अध्यापकाला त्या अमलात आणता येतात.

१. ध्वनिमुद्रित सबक : साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात पंचेचाळीस मिनिटांच्या तासिकेत प्रत्येकाला बोलू दिले, तरी वाट्याला पाऊण मिनिट येते. तेच विद्यार्थी आठवड्यातून एकदा फोनवर दोन मिनिटांचे बोलणे मुद्रित करून पाठवू शकतात. सर्वांचे ऐकायला अध्यापकाला दोन तास लागतील, हे शक्य नाही. म्हणून दर आठवड्याला दहा जणांचे ऐकावे. वीस मिनिटे लागतात. सहा आठवड्यांत वर्ग पुरा होतो आणि पंधरा आठवड्यांच्या सत्रात प्रत्येक विद्यार्थी दोनदा नीट ऐकला जातो. कोणते दहा हे आधी सांगू नये, म्हणजे सर्व जण तयारी करतात. प्रत्येकाला एकच चूक कळवावी, दहा नव्हे.

२. फोनची उपलब्धता : अनेक घरांत एकच फोन असतो व तो मुलीच्या हाती शेवटी येतो. अशांसाठी मुद्रणाची सोय महाविद्यालयात, एखाद्या शांत खोलीत, ठरावीक वेळी करावी. ही सोय नसेल तर पहिल्या सूचनेवर गुण ठेवू नयेत.

३. एकाच भाषेतील अनुलेख : ब्रिज कोठारी यांनी अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतून १९९६ पासून मांडलेली कल्पना अशी की, गाण्याचे शब्द त्याच भाषेत पडद्यावर दिसले तर वाचन आपोआप सुधारते. इंग्रजी बातम्या वा चित्रपट दाखविताना मराठी-हिंदी अनुवाद न दाखविता इंग्रजी शब्दच दाखवावेत. कान आणि डोळा यांची सांगड पडते.

४. तीन बदलांचा नियम : पहिला मसुदा वर्गात, हाताने. नंतर यंत्राकडून दुरुस्ती घ्यावी. त्यानंतर विद्यार्थ्याने यंत्राने केलेल्या तीन बदलांची कारणे मराठी, कोकणी किंवा उर्दूत सांगावीत. गुण कारणांना द्यावेत. मातृभाषा येथे अडथळा ठरत नाही. समज तपासण्याचे ते साधन होते.

५. तयार पाठांचा उपयोग वर्गाआधी : ‘दिश्टावो’सारखे पाठ घरी ऐकून यावेत आणि वर्गाचा वेळ बोलण्या-लिहिण्यासाठी मोकळा करावा. त्या पाठांना जे दोन भाग कमी पडतात, ते वर्गाने पुरवावेत.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, गोव्यात इंग्रजीच्या अध्यापनासाठी साधनांचा तुटवडा हा मुख्य प्रश्न उरलेला नाही. संगणक, टॅब्लेट, मुद्रित पाठ असे एकामागून एक आले. त्यांतील बहुतेकांनी अध्यापकाचा आवाज मोठा केला. विद्यार्थ्याचा आवाज ऐकण्याची सोय ज्या प्रयोगांत झाली, तेथेच भाषेत फरक दिसला. ही सोय यंत्र काही अंशी करू शकते, परंतु कोणत्या मुलाची कोणती चूक आधी हातात घ्यायची, याचा निर्णय अध्यापकाचाच राहतो. त्यासाठी त्याच्या कामाच्या भारात ऐकण्याचा वेळ मोजला गेला पाहिजे आणि अंतर्गत मूल्यमापनात बोलण्याला गुण असले पाहिजेत. बोलण्याला गुण नसतील, तर विद्यार्थी बोलण्याची तयारी करणार नाही आणि त्याला दोष देता येणार नाही.

मोप्याच्या विमानतळावरील प्रवासी पेडण्याच्या मुलाला एकच प्रश्न एकदाच विचारणार आहे. त्या क्षणाची तयारी वर्गात किती वेळा झाली, यावर आपल्या साधनांचे मूल्य ठरेल.